हवेवरचा रेग्युलेटर ऑक्सिजनवर नेताना: एका सेटचं प्रकरण

पुण्याचा एक डायव्हर परदेशात डीकॉम्प्रेशन डायव्हिंगचा कोर्स करायला निघाला होता. या प्रकारच्या डायव्हिंगमध्ये खोलातून थेट वर येत नाहीत, थांबे घेत येतात; येताना २१ मीटरवर ५० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण घेतात आणि शेवटच्या थांब्याला, ६ मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन. दोन्हींचे सिलिंडर वेगळे, त्यांच्यावरचे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब श्वास घेण्याजोगा करणारी उपकरणं, तीही वेगळी. त्याच्या घरी रेग्युलेटरचे दोन जुने सेट होते. साध्या हवेवर चाललेले, मधूनमधून ३२ टक्के नायट्रॉक्सवर, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेवर. ते ऑक्सिजनसाठी तयार करून हवे होते, म्हणून तो माझ्याकडे आला.

मी मालवणच्या किनारपट्टीवर रेग्युलेटर दुरुस्तीचं काम करतो. इथलं बहुतेक काम पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या सेटचं, म्हणजे साध्या हवेचं. ऑक्सिजनचं काम क्वचित येतं. आलं की बाकीची कामं मी बाजूला ठेवतो, कारण त्याला टेबल वेगळं लागतं, हत्यारं वेगळी लागतात आणि घाई अजिबात चालत नाही.

त्याचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता. “काका, नुसत्या ओ-रिंगा बदलल्या तर भागेल ना? माझ्या मित्राने तेवढंच केलंय. दोन वर्षं वापरतोय, काही झालं नाही.”

या वाक्याचा मी धसका घेतो. ऑक्सिजनच्या कामात ‘काही झालं नाही’ हा पुरावा फार फसवा असतो. घाण साठत जाते, एखादा तंतू आत पडून राहतो, आणि पन्नास वेळा व्हॉल्व्ह हळू उघडणारा माणूस एक्कावन्नाव्या वेळी घाईत झटक्याने उघडतो. तोपर्यंत खरंच काही होत नाही.

आग कशाने लागते

जळायला तीन गोष्टी लागतात: जळणारी वस्तू, ऑक्सिजन आणि पेटायला पुरेल एवढी उष्णता. इथे ऑक्सिजन आपणच भरलेला असतो. जळणारी वस्तू म्हणजे आतल्या, गळती रोखणाऱ्या रबराच्या ओ-रिंगा, वायूची वाट बंद करणारी प्लास्टिकची सीट, ग्रीस, कंप्रेसरच्या तेलाचा अदृश्य थर, आणि वेळ आली तर खुद्द धातूसुद्धा. ठिणगी कुठून येते, हे मात्र लोकांच्या डोळ्यांसमोर येत नाही.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा मारला की पंपाचा बुडखा गरम होतो. रेग्युलेटरमध्ये घडतं ते हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणात. सिलिंडर बंद असताना फर्स्ट स्टेजच्या, म्हणजे रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या आत बाहेरच्या हवेएवढाच, म्हणजे १ बार दाब असतो. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की २०० बारचा वायू आत घुसतो आणि आधीच आत असलेल्या वायूला बंद टोकाकडे रेटून दाबतो. वायू २७ अंशांवर होता आणि दाबताना उष्णता बाहेर पडायला वेळच मिळाला नाही असं धरलं, तर गणिताने तापमान साधारण १०९० अंश सेल्सियसवर जातं. प्रत्यक्षात धातूच्या भिंती बरीच उष्णता ओढून घेतात, त्यामुळे आकडा इतका चढत नाही. पण तेलाचा थर किंवा कापडाचा तंतू पेटायला याच्या कितीतरी कमी तापमान पुरतं.

हाच प्रकार साध्या हवेवर रोज घडतो आणि काही होत नाही. तिथे ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो जळत नाही, जळायला मदत करत नाही, वर उष्णता शोषून घेतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये हा पहारेकरी नसतो. एक तंतू पेटला की त्याची आग शेजारच्या ओ-रिंगला लागते, ओ-रिंगची सीटला, आणि तिथून धातूपर्यंत पोचते. दुसरी वाट कणांची. वेगाने वाहणाऱ्या वायूबरोबर धातूचा बारीक कण उडतो, आतल्या कोपऱ्यावर आपटतो आणि त्या आघाताने पेटतो.

हे धोके डायव्हिंगपुरते नाहीत. अमेरिकेत फेब्रुवारी १९९९ मध्ये एफडीए (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं) आणि निऑश (कामगारांची सुरक्षा) या सरकारी संस्थांनी मिळून सूचना काढली होती. रुग्णवाहिकांत आणि घरोघरी वापरल्या जाणाऱ्या ऑक्सिजन सिलिंडरवरचे ॲल्युमिनियमचे रेग्युलेटर पेटल्याच्या घटना घडल्या होत्या, आणि सूचनेत पितळी रेग्युलेटरकडे वळायला सांगितलं होतं. आपल्याकडचा गॅस वेल्डिंगवालाही ऑक्सिजनच्या सिलिंडरला तेलकट हात लावू देत नाही. त्याला रसायनशास्त्र शिकवायला लागत नाही. धंद्यात ते पहिल्या दिवशीच शिकवतात. डायव्हिंगमध्ये आपण वर्षानुवर्षं हवेवर काम करतो, म्हणून ती सवय लागत नाही.

४० टक्क्यांचा प्रश्न

त्याचा दुसरा मुद्दा असा की ५० टक्के म्हणजे ४० च्या थोडं वर, मग त्यासाठी एवढा सोपस्कार कशाला?

४० टक्क्यांची रेघ अमेरिकेच्या व्यावसायिक डायव्हिंगच्या नियमांतली आहे. ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनची उपकरणं ऑक्सिजनसाठीच बनवलेली आणि जळाऊ घाणीपासून साफ केलेली असावीत, असं ते नियम सांगतात. हौशी डायव्हिंगच्या जगाने तीच रेघ उचलली. युरोपातले मानक जास्त कडक आहेत: तिथे २२ टक्क्यांच्या वरचं मिश्रण वेगळं मानतात, आणि त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला एम-२६ मापाचे वेगळे आटे ठरवून दिलेत, म्हणजे हवेचा रेग्युलेटर त्यावर बसूच नये. अमेरिकेतल्याच औद्योगिक वायूंच्या जगात तर साडेतेवीस टक्क्यांच्या वरचा वायू ऑक्सिजनच्या शिस्तीत धरतात.

तेव्हा ४० हा निसर्गाने घालून दिलेला उंबरठा नाही. धोका टक्केवारीबरोबर आणि दाबाबरोबर चढत जातो. माणसांनी सोयीसाठी कुठेतरी रेघ मारली आहे. माझा दंडक साधा आहे. रेग्युलेटर बनवणाऱ्या कंपनीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी पाहायचं. पुस्तकात ‘४० पर्यंतच’ असं लिहिलं असेल, तर साफसफाई कितीही चांगली केली तरी तो सेट ५० वर जात नाही.

इथे एक गैरसमजही निघाला. ३२ टक्के नायट्रॉक्स भरताना आधी सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन सोडतात आणि वर हवा भरतात, हे त्याने पाहिलं होतं. त्यावरून आपला रेग्युलेटर ऑक्सिजनला सरावलेला आहे असं त्याला वाटत होतं. पण त्या पद्धतीत शुद्ध ऑक्सिजन लागतो तो सिलिंडरला आणि त्याच्या व्हॉल्व्हला. रेग्युलेटर बसतो तोवर आत ३२ टक्क्यांचं तयार मिश्रण असतं. त्याच्या रेग्युलेटरने शुद्ध ऑक्सिजन कधी पाहिलाच नव्हता.

टायटॅनियम

दोन सेटपैकी एकाची फर्स्ट स्टेज टायटॅनियमची होती. वजनाला हलकी, गंज नाही, महाग, आणि मालकाचा तिच्यावर जीव. शुद्ध ऑक्सिजनसाठी हीच घ्यावी असं त्याच्या मनात होतं, कारण ‘चांगली आहे’.

ती मी उघडलीसुद्धा नाही. टायटॅनियम समुद्राच्या पाण्याला दाद देत नाही, पण ऑक्सिजनमध्ये तो अतिशय जळाऊ धातू आहे. एकदा पेटला की तो स्वतःच इंधन होतो आणि अगदी कमी दाबावरही जळत राहतो. पितळ याच्या उलट. तांबं आणि तांब्याचे मिश्रधातू ऑक्सिजनमध्ये सहज पेट घेत नाहीत आणि पेटले तरी आग पुढे नेत नाहीत. म्हणून क्रोमचा मुलामा दिलेलं पितळ हेच या कामाचं साधन. त्या टायटॅनियम सेटच्या पुस्तकातही ४० टक्क्यांची मर्यादा छापलेली होती. तो सेट हवेवर आणि ३२ वर उत्तम चालला असता, म्हणून तो तसाच परत दिला.

त्याला वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण या बाबतीत मला तडजोडीची जागा दिसत नाही.

पितळी सेट उघडल्यावर

दुसरा सेट बॅलन्स्ड पिस्टनचा, क्रोम केलेल्या पितळेचा, डिन जोडणीचा, म्हणजे सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी बसणारा. पुस्तकात ४० टक्क्यांच्या वर वापरायला परवानगी होती. अट एवढीच की पूर्ण साफसफाई करायची आणि कंपनीचा ऑक्सिजनचा ओ-रिंग संच घालायचा.

फर्स्ट स्टेज उघडताना मी आधी फिल्टर बघतो. सर्क्लिप काढली की भाजलेल्या ब्रॉन्झच्या कणांची शंकूसारखी बारीक टोपी हातात येते. तिच्या रंगावरून आधीचं आयुष्य कळतं. तांबूस झाली असेल तर पोलादी सिलिंडर आतून गंजलाय. राखाडी-पांढरी असेल तर ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचा भुगा आलाय. हिरवी म्हणजे समुद्राचं पाणी तोंडातून आत गेलंय. बहुतेकदा धुताना तोंडाचं झाकण लावायचं राहिलेलं असतं. काळसर असेल तर कंप्रेसरकडे बघायचं. याची टोपी एका बाजूने हिरवी होती आणि टोकाला किंचित काळसर झाक होती.

काळसर झाक मला हिरव्यापेक्षा जास्त खटकली. ओल साफ होते. काळं म्हणजे कंप्रेसरच्या तेलाचा किंवा फिल्टरमधल्या कोळशाचा अंश इथवर पोचलाय, आणि फिल्टरपर्यंत जे पोचलं ते त्याच्या पलीकडेही थोडंफार गेलेलं असणार.

आत पिस्टनच्या दांड्यावरच्या जास्त दाबाच्या ओ-रिंगभोवती पिवळट पडलेलं सिलिकॉन ग्रीस होतं. या प्रकारच्या स्टेजमध्ये ही ओ-रिंग सर्वांत मोक्याची. तिच्या एका अंगाला सिलिंडरचा पूर्ण दाब आणि दुसऱ्या अंगाला स्प्रिंगचा कप्पा, जो समुद्राला उघडा असतो. पिस्टन प्रत्येक श्वासाला हलतो, त्यामुळे तिला ग्रीस लागतंच आणि ते ग्रीस ऑक्सिजनच्या तोंडीच असतं. हवेवर सिलिकॉन ग्रीस अगदी योग्य आहे. ऑक्सिजनवर ते इंधनात जमा होतं.

मग गेज, सिलिंडरमधला दाब दाखवणारं. माझ्या अनुभवात लोकांचं सगळं लक्ष फर्स्ट स्टेजकडे असतं, आणि मला काळजी असते गेजची. त्याच्या आत बूर्दों नळी असते: वाकवलेली, चपटी, एका टोकाला बंद. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि काटा फिरतो. म्हणजे लांब होज (लवचिक पाइप), त्याच्या टोकाला बंद नळी; वायू दाबला जाऊन तापायला यापेक्षा सोयीची जागा सापडणार नाही. होजच्या टोकाशी केसाएवढं भोक ठेवलेलं असतं, त्यामुळे वायूचा लोंढा बराच मंदावतो, हे खरं. पण नळीच्या आत काय आहे ते दिसत नाही, ब्रश जात नाही, आत गेलेलं पाणी पूर्ण बाहेर येईल याची खात्री नाही, आणि कारखान्यात गेजची तपासणी तेलाच्या दाबावर झालेली असू शकते. मी गेज साफ करायच्या फंदात पडत नाही. ऑक्सिजनसाठी साफ करून सीलबंद आलेलं नवीन गेज आणि नवा होज घ्यायला सांगितलं. यावर त्याने थोडी घासाघीस केली, मग मान्य केलं.

धुणं आणि तपासणं

आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश. दिसणारी घाण आणि जुनं ग्रीस इथेच निघायला हवं. पुढचं महागडं रसायन ग्रीस काढायला वापरलं तर ते वायाच जातं. मग हिरवा गंज. पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भाग ठेवून अल्ट्रासॉनिक टाकीत काही मिनिटं. जास्त वेळ ठेवलं तर क्रोमखालचं पितळ खायला लागतं, म्हणून मी टाकीसमोरून हलत नाही. स्वच्छ पाण्याने खळबळल्यावर ऑक्सिजनच्या कामासाठी बनवलेलं पाण्यातलं डिटर्जंट, गरम, प्रत्येक भाग वेगळ्या काचेच्या भांड्यात. एकत्र टाकले तर ते एकमेकांवर आपटतात आणि पिस्टनच्या धारेला ओरखडा पडतो. त्या धारेवरच सीट बसते, ओरखडा पडला की सेट गळायला लागतो.

शेवटी डिस्टिल्ड पाणी, पुन्हा पुन्हा. निथळलेल्या पाण्याचा आणि ताज्या पाण्याचा पीएच सारखा आला की साबण उरला नाही असं धरतो. वाळवायला वर्कशॉपच्या कंप्रेसरची हवा वापरत नाही. तिच्यात तेल असतं आणि सगळं धुणं एका फुंकरीत वाया जातं. शुद्ध नायट्रोजनच्या सिलिंडरवर वेगळी नळी आहे, तिनेच वाळवतो. मे महिन्यातल्या कोकणच्या दमट हवेत भाग आपोआप वाळतील या भरवशावर राहताच येत नाही.

या टेबलाजवळ यायचं तर बिनपावडरचे नवे हातमोजे घालायचे. टॉवेल, फडकं, कापूस काही नाही. हाताखालचा देवबागचा मुलगा हुशार आहे, पण त्याच्या डोक्याला रोज खोबरेल असतं आणि त्याचा हात सवयीने केसांकडे जातो. खोबरेल तेल ऑक्सिजनला खनिज तेलाइतकंच प्रिय. मोजे घातल्यावर केसाला हात लागला की मोजे बदलायचे, हा नियम मी त्याला घालून दिलाय आणि तो पाळतो.

तपासणी अंधारात सुरू होते. दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली एकेक भाग फिरवून बघायचा. बरीच खनिज तेलं त्या प्रकाशात चमकतात. पिस्टन स्वच्छ. टोपी स्वच्छ. मग बॉडी हातात घेतलेला पोरगा म्हणाला, “काका, हयसर बगा, कायतरी चमाकता.” जास्त दाबाच्या भोकाच्या आट्यांत, जिथे गेजचा होज बसतो तिथे, निळसर पांढरा एक बारीक तंतू. सुती कापडाचा. कपड्यांच्या साबणातल्या उजळवणाऱ्या रसायनामुळे असे तंतू या प्रकाशात झगमगतात. पूर्वीच्या कुठल्यातरी सर्व्हिसमध्ये कुणीतरी फडक्याने भोक पुसलं असणार. तीन धुण्यांनंतरही तो आट्यात अडकून राहिला होता. चिमट्याने काढला आणि बॉडी पुन्हा टाकीत गेली.

पण अल्ट्राव्हायोलेटवर विसंबून थांबता येत नाही. सिलिकॉन त्या प्रकाशात दिसत नाही, आणि याच्या आत सगळीकडे सिलिकॉनच होतं. म्हणून पाण्याची कसोटी. डिस्टिल्ड पाणी पृष्ठभागावर सोडायचं आणि आडव्या प्रकाशात बघायचं. स्वच्छ धातूवर पाण्याचा सलग पातळ पडदा पसरतो आणि काही वेळ टिकतो. स्निग्ध थर असेल तर पडदा फाटतो, पाणी मागे सरकून थेंब होतात.

पिस्टनवर पडदा टिकला. बॉडीवरही टिकला. डिन जोडणीच्या आतल्या नळीवर मात्र काही सेकंदांत फाटला, आट्यांच्या जवळ, दर वेळी त्याच जागी. टॉर्चखाली ती जागा निष्कलंक होती. बहुधा आट्यांच्या मुळाशी राहिलेलं ग्रीस गरम पाण्यात पातळ होऊन पसरत होतं. पाण्यातल्या डिटर्जंटला सिलिकॉन लवकर सुटत नाही. नळी पुन्हा साबणाने, कडक ब्रशने, आट्याआट्याने घासली, नवं डिटर्जंट घेतलं आणि सगळा क्रम पहिल्यापासून केला. दुसऱ्या खेपेलाही पडदा एका कडेला फाटला. तिसऱ्या खेपेला टिकला. या नळीतून सिलिंडरचा पूर्ण दाब सर्वांत आधी जातो. ‘बरीच साफ झालीय’ म्हणून ती पुढे ढकलता आली नसती.

जोडणी आणि चाचणी

ओ-रिंगा कंपनीच्या संचातल्या, व्हायटॉनच्या. नेहमीच्या नायट्राइल रबरापेक्षा व्हायटॉन जास्त तापमानाला पेटतो. थंड पाण्यात तो जरा कडक होतो, पण याला थंड पाण्यात जायचं नव्हतं. ग्रीस परफ्लुरो तेलाचं, क्रिस्टो-ल्यूब किंवा क्रायटॉक्स या जातीचं. हे ग्रीस महाग असतं, आणि ओ-रिंगवर नुसती चमक येईल इतकंच लावायचं असतं. ‘ऑक्सिजनचं आहे ना’ म्हणून थापून ठेवलेलं मी पाहिलंय. असं थापलेलं ग्रीस बाहेरची धूळ धरून ठेवतं.

ओ-रिंगा बदलल्या की सेट ऑक्सिजनला तयार झाला, हा त्याच्या मित्राचा हिशेब इथे कळतो. व्हायटॉन घातल्याने सेटमधला कच्चा माल बदलतो. आट्यातला तंतू आणि नळीवरचं सिलिकॉन तिथेच राहतं.

सेकंड स्टेजमध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या भागात, दाब बाहेरच्या दाबापेक्षा ९-१० बारच जास्त असतो, त्यामुळे धोका खूप कमी. तीही साफ केली, ग्रीस बदललं. त्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं तिथे नाही.

चाचणीसाठी जास्त दाबाचा शुद्ध नायट्रोजन वापरला. गळती, मधला दाब (फर्स्ट स्टेजमधून सेकंड स्टेजकडे जाणारा), तो एका जागी स्थिर राहतो की हळूहळू चढतो, हे सगळं नायट्रोजनवर तपासता येतं आणि साफ केलेल्या भागांना बाहेरची हवा लागत नाही. यात एक मोठा धोका आहे. नायट्रोजनवर लावलेल्या रेग्युलेटरमधून कुणी सवयीने श्वास घेतला तर शुद्ध हरपायला वेळ लागत नाही, आणि आधी काही जाणवतही नाही. म्हणून चाचणी चालू असेपर्यंत माऊथपीस बसवतच नाही, आणि लाल चिठ्ठी बांधतो. सेकंड स्टेज किती ओढीला सुटते ते स्वच्छ पाण्याच्या भांड्यात पाहिलं: तोंड वर ठेवून ती हळूहळू पाण्यात उतरवायची आणि कितव्या सेंटिमीटरला वायू सुटतो ते बघायचं. मधला दाब साडेनऊ बारवर येऊन थांबला आणि हलला नाही.

मग सेट नव्या पॉलिथिनच्या पिशवीत सील केला. आत चिठ्ठी: साफ केल्याची तारीख, कोणते भाग बदलले, कोणतं ग्रीस, आणि ‘फक्त ऑक्सिजन किंवा ऑक्सिजनयोग्य हवा’. होजवर आणि सेकंड स्टेजवर मोठ्या अक्षरांत ‘ऑक्सिजन ६ मीटर’. हे शेवटचं लेबल आगीसाठी नव्हतं. २१ मीटरवर चुकून शुद्ध ऑक्सिजनचा रेग्युलेटर तोंडात घेतला तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (वायूतल्या एकट्या ऑक्सिजनचा दाब) ३.१ बार होतो, १.६ ही मर्यादा धरतात. तिथे झटके येऊन माणूस बुडतो.

शनिवारचा हट्ट

सेट न्यायला आला तेव्हा मालवणचा हंगाम संपायला आठवडाही उरला नव्हता. “काका, शनिवारी तारकर्लीला जातोय. एकदा साध्या सिलिंडरवर लावून बघतो, म्हणजे तिकडे गेल्यावर अडचण नको.”

विचार समजूतदार होता. नवा जुळवलेला सेट पहिल्यांदा परक्या समुद्रात कशाला वापरायचा? तरी मी नाही म्हटलं, आणि का ते कागदावर मांडून दाखवलं. श्वसनाच्या साध्या हवेचा जो अमेरिकी दर्जा डायव्हिंगमध्ये बऱ्याच ठिकाणी धरतात, त्यात एका घनमीटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत तेल चालतं. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २.४ घनमीटर हवा, म्हणजे नियमात बसणाऱ्या हवेतूनही एका सिलिंडरमागे १२ मिलिग्रॅमपर्यंत तेल रेग्युलेटरमधून जाऊ शकतं. ऑक्सिजनयोग्य हवेची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम, तेवढ्याच सिलिंडरमागे पाव मिलिग्रॅमहून कमी. दोन्ही हवा फुप्फुसाला सारख्याच चांगल्या. रेग्युलेटरला सारख्या नाहीत.

त्यातलं किती तेल आत चिकटेल, किती बाहेर जाईल, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच एकदा साध्या हवेवर लागला की तो सेट ऑक्सिजनसाठी साफ आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. स्वच्छता डोळ्यांनी दिसत नसेल तर ती कळते फक्त सेटच्या नोंदीवरून: साफ झाल्यापासून त्यातून काय काय गेलं. नोंद तुटली की प्रमाणपत्र संपलं.

त्याने शनिवारी टायटॅनियमचा सेट वापरला. ऑक्सिजनचा सेट सीलबंद पिशवीत गेला आणि तिकडे शिक्षकासमोर, ऑक्सिजनसाठी साफ केलेल्या सिलिंडरवर, पहिल्यांदा उघडला. व्हॉल्व्ह कसा उघडायचा हे मी त्याला इथेच करून घेतलं होतं: बोटांनी, पाव फेऱ्याहून कमी, गेजचा काटा शांतपणे वर चढू द्यायचा, तो थांबल्यावर मगच पूर्ण. ५० टक्क्यांसाठी त्याने कंपनीतून ऑक्सिजनसाठी तयार होऊन आलेला नवा पितळी रेग्युलेटर घेतला.

पुन्हा टेबलावर

पावसाळा सरल्यावर तो सेट परत आला, आणि चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात एक ओळ वाढली होती: ‘हवेवर वापरला, १ डाइव्ह’, खाली तारीख. कोर्सच्या शेवटच्या दिवशी बोटीवर एकाच्या रेग्युलेटरमधून हवा आपोआप वाहायला लागली होती. जादा रेग्युलेटर कुणाकडेच नव्हता, म्हणून याचा ऑक्सिजनचा सेट साध्या हवेच्या सिलिंडरवर लागला. त्यानंतर त्याने तो ऑक्सिजनवर लावला नाही. पिशवीत भरला आणि ती ओळ लिहिली. असं लिहिणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. बहुतेक जण बोलायचंच टाळतात.

उघडला तर फिल्टर सोनेरी, टॉर्चखाली काही नाही, डिनच्या नळीवर पाण्याचा पडदा पहिल्याच खेपेला टिकला. तरी पूर्ण धुतला आणि ओ-रिंगांचा संच नवा घातला. होजच्या आत मला बघता येत नव्हतं, म्हणून जास्त दाबाचा होज आणि गेजही बदलायला सांगितलं. या वेळी घासाघीस झाली नाही. आता तो बोटीवर हवेचा एक जादा रेग्युलेटर बरोबर नेतो.